भिकाजीची झील

आधीच सांगून टाकते, मला तोंड फार आहे. आमचे हे म्हणतात, "जयवंती, तुझ्या तोंडाला कुलूप नाही आणि असलं तर किल्ली हरवलीय." तेव्हा ही गोष्ट मी सांगणार म्हणजे मध्येमध्ये मीच जास्त बोलणार, ते चालवून घ्या. पण गोष्ट माझी नाही, भिकाजीभाऊंची आहे. भिकाजी मांडवकर. वय छप्पन्न, गाव लांजा तालुक्यातलं, ओमानमध्ये एकोणीस वर्षं, काम एसी दुरुस्तीचं. राहायला शहरातल्या दार्सैत भागात, एका खोलीत चौघं.

मी त्याच शहरात, अझैब्यात राहते. दर एप्रिलला आमचे एसी धुवायला कंपनीकडून भिकाजीभाऊच यायचे, तेवढीच ओळख. शिडीवर चढायचे, काम करायचे, चहा घ्यायचे, "येतो वयनी" म्हणून जायचे. त्या माणसाच्या गळ्यात काय आहे हे मला कळलं ते दार्सैतच्या कृष्णमंदिरात, गोकुळाष्टमीला. पन्नास माणसं भजन म्हणत होती आणि त्या सगळ्यांच्या खालून एक खर्ज येत होता, असा की फरशीवर बसलेल्या मला तो मांडीला जाणवत होता. मागं वळून बघते तर आमचे एसीवाले, डोळे मिटून.

त्याच सुमारास आमच्या कोरसमध्ये रडारड चालली होती. दर सोमवारी संध्याकाळी इथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही साठेक माणसं गायला जमतो. इंग्रज, फिलिपिनो, गोव्याचे, केरळचे, दोन ओमानी मुली, आणि अल्टोच्या, म्हणजे बायकांतल्या खालच्या आवाजाच्या रांगेत मी. शिकवतात मिस्टर ग्रिफिथ, वेल्सचे, पासष्टीचे, पोट सुटलेले आणि कान मात्र घारीच्या डोळ्यासारखे. त्या वर्षी त्यांनी हत्तीएवढं काम काढलं होतं: कोरल सिंफनी. म्हणजे पुढं मोठा वाद्यवृंद आणि मागं आम्ही सगळे गळे, आणि गायचं काय, तर जुन्या अमेरिकन कविता. चार भाग, चार कविता. पण आमच्याकडं बायका उदंड आणि पुरुष औषधाला. त्यात बेस, म्हणजे पुरुषांतला सगळ्यात खालचा आवाज, तो लावणारे पाचच. ग्रिफिथ म्हणाले, "कुठूनही आणा, पण मला खालचा आवाज आणा."

मी भिकाजीभाऊंना फोन केला.

"इंग्रजी गानी?" ते म्हणाले. "वयनी, मला सायबाला 'येस सर' बोलताना घाम फुटतो."

"बोलायचं कुठंय, गायचंय. आणि मी देवनागरीत लिहून देते. सोमवारी साडेसहाला. यल्ला, चला!"

आले बिचारे. इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल. ग्रिफिथनी पियानोवर खालचा सूर वाजवला, भिकाजीभाऊंनी दिला. त्याच्या खालचा वाजवला, दिला. असं करत करत ग्रिफिथ पियानोच्या डाव्या टोकाला सरकले आणि शेवटी हसायलाच लागले. "जयवंती, ह्याला इतकी वर्षं कुठं लपवून ठेवलं होतंस?" आता काय सांगणार, आमच्या शिडीवर!

तर असं सुरू झालं. मी सगळा मजकूर देवनागरीत उतरवून द्यायची आणि सराव संपला की त्यांना गाडीनं दार्सैतला सोडताना कवितेचा अर्थ सांगायची. अर्थाशिवाय ते पुढं सरकायलाच तयार नसत. म्हणायचे, "अर्थ नाय कळला तर नुसतं तोंड हलतं. बैल रवंथ करतो तसं." पहिली कविता एका शहराच्या सकाळची होती, ती त्यांना आवडली. दुसरी बर्फाची. आठ महिने बर्फ, गावंच्या गावं बंद. ती ऐकून म्हणाले, "ह्यांच्याकडं माझा धंदा उपाशी मरंल." हसून हसून माझी गाडी चुकीच्या लेनमध्ये गेली.

तिसरी कविता सांगितली तेव्हा मात्र हसले नाहीत.

ती एका शेतकऱ्याची आहे. त्याचा भाऊ घर सोडून पश्चिमेला निघून गेलाय. हा रोज संध्याकाळी कुंपणापाशी उभा राहतो आणि त्याच्या नावानं हाक मारतो. बस, एवढंच.

"मग कोन ओ देतो का?" भिकाजीभाऊंनी विचारलं.

"नाही हो. कोणीच देत नाही. तीच तर कविता आहे."

ते काचेतून बाहेर बघत राहिले. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काय नाय. सिग्नल सुटला, वयनी." आणि खरंच मागचा गाडीवाला हॉर्न मारत होता.

आता ह्या तिसऱ्या भागाची गंमत ऐका. ती हाक मारतो एकटा गायक, आमचा एक उंच फिलिपिनो, दिवसा इन्शुरन्स कंपनीत असतो. तो पुढं उभा राहतो, आम्ही त्याच्या मागं. तो हाक मारतो, आणि त्यानंतर आठ ठोके कोणी काही करायचं नाही. वाद्यं बंद, गळे बंद. पूर्ण शांतता. मग अगदी हळू व्हायोलिनं सुरू होतात. ग्रिफिथ म्हणायचे, सगळ्या सिंफनीत तेवढीच जागा त्यांना खरी हवी आहे.

पहिल्यांदा ते केलं. फिलिपिनोनं हाक मारली, शांतता झाली, आणि पहिला ठोका संपायच्या आत मागून भिकाजीभाऊंनी त्याचे शेवटचे शब्द उचलले. खर्जात, पक्के सुरात. जशी वरून पडणारी वस्तू खाली कोणी अलगद झेलावी. सगळे हसले. ग्रिफिथही हसले. भिकाजीभाऊंनी कानाला हात लावला.

पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सोमवारीही. आता कोणी हसेना. टेनरमधला, म्हणजे पुरुषांतल्या वरच्या आवाजाचा एक गोरा तर उघड म्हणाला, की ह्या माणसाला मोजता येत नाही का? मला राग आला, कारण भिकाजीभाऊ आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं मोजतात. पण चूक तर होत होतीच ना!

गाडीत विचारलं, "हे असं होतंय तरी का?"

"झील हो, वयनी. नमनातली सवय."

मी दादरची. मला नमन-खेळे म्हणजे कोकणातलं काहीतरी शिमग्याचं एवढंच माहीत. त्यांनी समजावून दिलं. नमनात पुढं एक गाणारा असतो आणि मागं झीलकरी. पुढच्याची ओळ संपली की मागच्यांनी ती उचलायची, तिला म्हणायचं झील. ती उचलतात म्हणून पुढच्याला दम घ्यायला मिळतो, पुढची ओळ आठवायला मिळते. रात्र रात्र चालणारा खेळ, एकटा माणूस कसा ओढणार? "पुढच्याची ओळ खाली पडू द्यायची नाय, हा नेम. चाळीस वर्सं मी झीलकरी. ओळ संपली की माझं तोंड आपसूक उघडतं. डोक्याला इचारीत बसत नाय."

"मग आता विचारत जा," मी म्हटलं.

कार्यक्रमाला तीन आठवडे उरले तेव्हा ग्रिफिथनी मला बाजूला घेतलं. चांगला माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाले, "तो आवाज मला हवाय. पण ती शांतता मला त्याहून जास्त हवी. रंगीत तालमीला जर त्यांनी ती मोडली, तर मी त्यांना स्टेजवर उभं करू शकणार नाही. तू सांग."

वाईट बातम्या सांगायला जयवंती! बरं, मी हे गोड बोलून सांगायला हवं होतं की नाही? पण दिवसभर माझं डोकं दुखत होतं आणि रुवीच्या फ्लायओव्हरवर ट्रॅफिक तुंबलं होतं. मी फाडकन म्हटलं, "भिकाजीभाऊ, आठ ठोके! बालवाडीतलं पोरसुद्धा तेवढं गप्प बसतं. तुम्हाला आठ ठोके गप्प बसता येत नाही?"

त्यांनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, "येकदा बसलो होतो गप."

आणि मग जे सांगितलं ते मी आयुष्यात विसरणार नाही.

त्यांना एक धाकटा भाऊ आहे, एकनाथ. इथून बसनं सात-आठ तासांवर, दुक्मला रिफायनरीच्या कामावर फिटर. भिकाजीभाऊंनीच त्याला ओमानला आणलं. गावच्या नमनात पुढं गाणारा एकनाथ आणि मागं झीलकऱ्यांत पहिला भिकाजी. लहानपणापासून तसंच. शिमग्याला दोघं सुट्टी घेऊन मिळून गावाला जायचे, फक्त त्याच्यासाठी. सहा वर्षांपूर्वी असेच गेले. आणि खेळ उभा राहायच्या तासभर आधी भिकाजीभाऊंना बाहेरच्या माणसाकडून कळलं, की एकनाथनं पोरीचं लग्न ठरवलंय. थोरल्या भावाला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

"फोनवर ठरवलान. हितं दुक्मला बसून. बाप गेल्यावर मी त्येला बापासारका. आन् मला कोन सांगतो, तर वाण्याचा पोरगा! माझं डोकं फिरलं, वयनी. पन मी भांडलो नाय."

"मग?"

"खेळ सुरू झाला. एकनाथानं गवळण उचललीन. पयली ओळ संपली. आन् मी झील दिली नाय."

पहिल्या झीलकऱ्यानं तोंड उघडल्याशिवाय बाकीचे उघडत नाहीत. सगळे भिकाजीभाऊंकडं बघत राहिले. मृदंग चालू आणि गळा एकही नाही. एकनाथनं तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा कोणी नाही. तिसऱ्यांदा म्हटली. अख्खं गाव बसलेलं, पाहुणे, पोरीच्या सासरचे सुद्धा. मग त्यानं डोक्यावरचा फेटा काढला, देवापुढं ठेवला आणि चालता झाला.

"शिव्या दिल्या असत्या, दोन मुस्काटात हाणल्या असत्या, तर चाललं असतं. भावाभावात चालतं. पन झील तोडणं... तवापासून बोलत नाय तो. लग्नाची पत्रिका पन नाय. मी बी परत शिमग्याला गावी गेलो नाय. बरोबर हाय त्येचं. म्हनून आता कुनाची बी ओळ पडायला लागली की मला ऱ्हावत नाय."

 मी कुठल्या माणसाला 'गप्प बसता येत नाही का' म्हणून टोमणा मारला होता, ह्याची मला भयंकर लाज वाटली.

रंगीत तालीम गुरुवारी होती, कार्यक्रम शुक्रवारी. वाद्यवृंद आला होता. तिसरा भाग सुरू झाला. अल्टोच्या रांगेतून बेसवाले मला तिरके दिसतात. फिलिपिनोनं हाक मारली. खलास, आता काय होतंय! भिकाजीभाऊंनी फाइल दोन्ही हातांनी अशी घट्ट धरली होती की पुठ्ठा वाकला. जबडा आवळलेला. नजर समोर, गाणाऱ्याच्या पाठीवर. एक, दोन, तीन, चार... ग्रिफिथनी ते आठ ठोके मुद्दाम ताणले, मेल्यांनी. शेवटी एकदाची व्हायोलिनं वाजली. तालीम संपल्यावर ग्रिफिथ स्वतः चालत मागच्या रांगेत गेले आणि त्यांनी भिकाजीभाऊंचा हात हातात घेतला.

मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. गाडी थांबवून मी दोन करक, म्हणजे इथले घट्ट दुधाचे चहा मागवले. भिकाजीभाऊंनी कप हातात घेतला आणि तसाच धरून बसले.

"अहो, जिंकलात की तुम्ही! उद्या स्टेजवर!"

"वयनी, मी आज त्येची पाठ बघितली."

"कोणाची?"

"त्या गानाऱ्याची. हाक मारलीन ना, आन् मागनं काय नाय. तवा त्येची मान कशी ताठली, खांदे कसे वर आले. त्येला माहीत हाय की कोन बोलनार नाय, कागदावर लिवलंय, तरी बी. आन् एकनाथाला तर माहीत पन नव्हतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "मी त्या राती खाली बघत होतो. पायाकडं. त्येची पाठ मी बघितलीच नाय. तीन येळा गायला तो. तीन येळा."

मलाही रडू आलं. मी म्हटलं, "करा फोन त्याला. आत्ता करा."

"उचलत नाय. आन् फोनवर बोलून मिटन्यातलं हाय व्हय हे? गावाम्होरं केलं मी."

"मग जा दुक्मला. पण उद्याचा कार्यक्रम होऊ दे, मग शनिवारी सावकाश जा. मी स्वतः बसमध्ये बसवून देते. कबूल?"

"होय," म्हणाले. हे 'होय' लक्षात ठेवा, कारण माझा राग त्या 'होय'वर आहे.

शुक्रवारी सगळ्यांनी चारला जमायचं होतं. साडेचार झाले, पाच झाले, भिकाजीभाऊ नाहीत. फोन बंद. खोलीवरच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, पहाटेच गेले. शेवटी सव्वापाचला त्यांचाच फोन आला.

"वयनी, मी दुक्मला हाय. क्यांपाच्या गेटावर. शिफ्ट सुटतेय आता."

असा भडका उडाला माझा! तिथं काळे कोट घातलेली माणसं उभी होती, त्यांच्यापुढं मी मराठीत ओरडले. "अहो, माणूस आहात का कोण! तीन महिने मी जीव टाकला! होय म्हणालात ना काल? एक दिवस थांबता येत नव्हतं? एक दिवस! मी ग्रिफिथला काय तोंड दाखवू?"

"बोला वयनी, तुमचा हक्क हाय. पन काल त्येची पाठ बघितल्यावर आज पुना तितं उभं राहून गप बसायचं, हे माझ्यानं होईना." आणि मग घाईघाईनं, "मानसं यायला लागली. ठेवतो."

गायलो आम्ही. बेस पाचच. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या भागात ते आठ ठोके आले तेव्हा माझं लक्ष स्टेजवर नव्हतंच. गेटवर काय झालं असेल, एवढंच डोक्यात. नंतर ग्रिफिथ चिडून आले, "कुठाय माझा बेस?" मी त्यांना तिथंच, फुलांचे गुच्छ चाललेले असताना, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग बरोबर आहे. मग तिकडंच जायला हवं होतं."

रविवारी काळी फाइल परत द्यायला भिकाजीभाऊ घरी आले. मी ठरवलं होतं की दोन तास अबोला धरायचा. पण तोंड बघितलं आणि मीच म्हटलं, "बसा. सांगा."

शिफ्ट सुटली तेव्हा निळ्या कपड्यातली शे-दोनशे माणसं गेटातून आली. एकनाथ त्यांना ओळखूच येईना. केस सगळे पांढरे. तो समोरून आला, ह्यांना बघितलं, आणि बघितलं नाही असं करून पुढं गेला. भिकाजीभाऊ मागून म्हणाले, "एकनाथा." तो थांबला, पण वळला नाही.

"मग मी पाठीमागनंच बोललो, वयनी. म्हटलं, चुकी माझी. पोरगी तुझी, लगीन तुझं, तू कुनाला बी विचार नायतर नको विचारू. मी गावाम्होरं तुझी ओळ पाडली. त्येला माफी नाय. फकस्त सांगायला आलो."

"मग?"

"लय येळ तसाच उभा. मग वळला. म्हटलान, जेवलास?"

मेसमध्ये दोघं जेवले. भात, आमटी, तळलेली मासळी. एकनाथनं स्वतःच्या ताटातला तुकडा उचलून ह्यांच्या ताटात टाकला. पोरीला मुलगा झालाय, तो दाखवला फोनवर. भिकाजीभाऊंना वाटलं, मिटलं. भरल्या पोटी, खुशीत, त्यांनी विचारलं, "यंदा शिमग्याला कुठली गवळण घेनार?"

"मी गात नाय," एकनाथ म्हणाला.

"कवापासून?"

"तवापासून."

"आरं, का?"

"गायचो कुनाच्या जिवावर? मागं कोन होता माझ्या?"

हे सांगताना भिकाजीभाऊ रडले नाहीत. मी रडले. स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून.

दुक्म म्हणजे काय ते ओमानमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. समुद्र, वारा, पाइप आणि कॅम्प. तिथं जायला स्वतःहून कोणी हात वर करत नाही. भिकाजीभाऊंनी सोमवारी सकाळी आपल्या अर्बाबला, म्हणजे मालकाला सांगितलं, की दुक्मच्या कॅम्पाचं एसीचं काम आहे ना कंपनीकडं, मला तिकडं टाका. अर्बाबला वाटलं ह्यांची तब्येत बिघडलीय. दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि पंधरा दिवसांत पाठवलं.

आमचा कोरस पुन्हा बेसवाचून बसलाय. ग्रिफिथ दर सोमवारी विचारतात, मी खांदे उडवते. मागच्या आठवड्यात मी भिकाजीभाऊंना फोन केला. मला धीर कुठला, पहिलाच प्रश्न, "गातो का हो तो?"

"नाय अजून."

"मग तुम्ही म्हणा ना जरा त्याला. आग्रह करा!"

"आग्रह कसला करू, वयनी? शिफ्ट सुटली की क्यांपाच्या मागं बसतो दोघं. तो पुढं दगडावर, मी जरा मागं. घरचं बोलतो, कवा नाय बी बोलत. त्येचं गानं त्येच्या मनात येईल तवा येईल, नायतर नाय येनार. मी रोज येऊन बसतो."